बरगडी मोडली तर

हात मोडला की प्लास्टर घालतात. पाय मोडला की प्लास्टर घालतात. मग बरगडी मोडली तर डॉक्टर काहीच का बांधत नाहीत? नुसत्या गोळ्या देऊन घरी का पाठवतात?

आमच्या वर्गात हा प्रश्न पुष्कळदा निघतो. कुणाच्या सासूबाई मोरीत घसरलेल्या असतात. कुणाचा भाऊ लोकलच्या गर्दीत चेंगरलेला असतो. घरचे म्हणतात, "डॉक्टरांनी नीट पाहिलंच नाही. साधा पट्टासुद्धा बांधला नाही." म्हणून आज आपण बरगडीचा धडा वाचू या. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी आणि बोरिवली इथल्या ज्या माणसांना आम्ही भेटलो, त्यांचे अनुभवही त्यात येतील.

छातीचा पिंजरा

आपल्या छातीत बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. म्हणजे एकूण २४ बरगड्या. बाईला २४ आणि पुरुषालाही २४च. सगळ्या बरगड्या मागे पाठीच्या कण्याला जोडलेल्या असतात. वरच्या ७ जोड्या पुढे येऊन छातीच्या मधल्या हाडाला मिळतात. त्यांच्या खालच्या ३ जोड्या वरच्या बरगड्यांचा आधार घेतात. शेवटच्या २ जोड्या आखूड असतात. त्यांची पुढची टोके मोकळी असतात.

बरगडीचे पुढचे टोक हाडाचे नसते. आपल्या कानाचा वरचा भाग बोटांनी वाकवून पाहा. तो वाकतो आणि सोडला की सरळ होतो. तशाच लवचिक पदार्थाचे हे टोक असते. त्याला कूर्चा म्हणतात. कूर्चेमुळे छातीचा पिंजरा हलू शकतो.

आता छातीच्या दोन्ही बाजूंना हात ठेवा. सावकाश श्वास घ्या. पिंजरा फुगला ना? श्वास सोडा. पिंजरा बसला. मोठा माणूस स्वस्थ बसलेला असला तरी मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. मिनिटाला १५ श्वास धरू आणि हिशेब करू. तासाला ९०० झाले. २४ तासांत २१,६०० झाले.

मोडलेला हात झोळीत घालून त्याला विसावा देता येतो. बरगडीला मात्र दिवसातून २१,६०० वेळा हलावेच लागते. म्हणून तिचे दुखणे वेगळे आणि तिचा उपचारही वेगळा.

बरगडी कशी मोडते

उपनगरात बरगडी मोडण्याची कारणे रोजचीच आहेत. मोरीतल्या शेवाळावर पाय घसरतो आणि कठड्याची कड छातीत बसते. चाळीच्या जिन्यावरून पडायला होते. पावसाळ्यात खड्ड्यात स्कूटर उडते. लोकलमध्ये चढताना मागून रेटा येतो आणि छाती दांड्यावर आदळते.

कधी मोठा अपघातही होतो. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर पूर्वेला छेडानगरजवळ वादळी वारा सुटला. एक प्रचंड जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला. त्यात १७ माणसे दगावली आणि ७० हून अधिक जखमी झाली. अशा अपघातात माणूस भाराखाली सापडतो. डोके, हातपाय, छाती, कुठेही मार लागू शकतो. म्हणून जखमी माणूस उठून चालू लागला तरी त्याची पुरी तपासणी करून घ्यावी.

म्हाताऱ्या माणसांची हाडे ठिसूळ झालेली असतात. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे लवकर ठिसूळ होतात. अशांची बरगडी थोड्या मारानेही मोडते. कधी तर जोराच्या खोकल्यानेच मोडते. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर तो अंगावर काढू नये. थुंकी तपासून घ्यावी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बरगडीला बारीक चीर गेली असेल तर ती एक्स-रेमध्ये कधी दिसत नाही. फोटो चांगला आला तरी दुखणे खोटे ठरत नाही. श्वास घेताना एकाच जागी कळ येत असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे.

पट्टा का बांधत नाहीत

पूर्वी डॉक्टरही छातीला चिकटपट्ट्या लावून ती घट्ट बांधत असत. बांधले की दुखणे थोडे कमी होते, हे खरे आहे. पण छाती आवळली की श्वास वरच्यावर राहतो. फुप्फुसाच्या तळापर्यंत हवा पोचत नाही. तळाशी कफ साचतो. साचलेल्या कफात जंतू वाढतात आणि न्यूमोनिया होतो. हे कळल्यावर छाती आवळून बांधणे मागे पडले.

विहिरीचा उपसा थांबला की पाणी सडते, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. फुप्फुसाचेही तसेच आहे. हवा खेळती राहिली पाहिजे.

बरगडीचे हाड आपले आपण सांधते. दोन्ही बाजूंच्या बरगड्या आणि मधले स्नायू तिला धरून ठेवतात. साधारण सहा आठवड्यांत हाड जुळते. दुखणे मात्र काहींना त्याहून जास्त दिवस राहते. कधी तीन महिनेही लागतात. खूप बरगड्या मोडल्या असतील किंवा पिंजऱ्याचा एक भाग सुटा पडला असेल, तर रुग्णालयात ठेवावे लागते. कधी शस्त्रक्रिया करून पट्ट्या बसवतात. फुप्फुसाभोवती हवा किंवा रक्त साठले तर छातीत नळी घालतात. पण साध्या मोडीला यातले काही लागत नाही.

मग रोग्याने करायचे काय? फक्त पडून राहायचे? नाही. इथेच खरी चूक होते.

घाटकोपरच्या आजी

घाटकोपरच्या एका चाळीतल्या आजी मोरीत पडल्या. वय सत्तरीच्या पुढे. दोन बरगड्या मोडल्या होत्या. घरची माणसे फार मायेची. सुनेने त्यांना पलंगावरून खाली उतरू दिले नाही. नातू म्हणाला, "आजी, तू हलू नकोस. बोलूही नकोस." आजींनाही तेच बरे वाटले. हलले की कळ, बोलले की कळ, खोकले की जीव जाई. म्हणून त्या श्वास चोरू लागल्या. खोकल्याची उबळ आली की दाबून टाकू लागल्या. गोळी मात्र दिवसातून एकदाच घेत. "सारख्या गोळ्या घेतल्या की पोट बिघडतं," असे त्यांचे म्हणणे.

पाचव्या दिवशी ताप चढला. धाप लागली. बेडके पिवळे येऊ लागले. रुग्णालयात नेल्यावर कळले की न्यूमोनिया झाला आहे. पंधरा दिवस तिथे काढावे लागले. हाड तर सरळ सांधत होते. जीव धोक्यात आला तो चोरलेल्या श्वासामुळे.

आजी आम्हाला म्हणाल्या, "बाळांनो, तिथली पोरगी मला रोज दटावायची. आजी, घ्या श्वास, अजून घ्या! मला तिचा राग यायचा. पण तिनंच मला उठवलं." ती पोरगी म्हणजे श्वासाचा व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट.

सुनेची यात चूक काढू नये. तिने मायेनेच केले. पण बरगडीच्या रोग्याला 'पडून राहा' म्हणणे ही माया नव्हे, हे तिला कुणी सांगितले नव्हते. ते तुम्हाला आता ठाऊक झाले आहे.

श्वासाचा व्यायाम

हा व्यायाम घरी करता येतो. डॉक्टरांना विचारून पहिल्या दिवसापासूनच सुरू करावा.

खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेवर ताठ बसा. खांदे सैल सोडा. नाकाने सावकाश श्वास घ्या. जेवढा आत जाईल तेवढा घ्या. दोन-तीन आकडे मोजेपर्यंत धरा. मग तोंडाने हळूहळू सोडा. असे दहा श्वास घ्या. मध्ये चक्कर आल्यासारखे वाटले तर थोडे थांबा. जागे असेपर्यंत दर तासाला हे दहा श्वास घ्यावेत.

रुग्णालयात कधी प्लास्टिकचे एक लहान यंत्र देतात. त्यात तीन नळ्या आणि तीन चेंडू असतात. पुष्कळ माणसे त्यात जोराने फुंकतात. तसे करायचे नाही. नळी ओठांत धरून हवा आत ओढायची. शरबत ओढतो तशी, पण सावकाश. मग चेंडू वर चढतात. आज एक चढला, चार दिवसांनी दोन चढले, असे रोग्याला आपल्या डोळ्यांनी दिसते. त्याने धीर येतो.

खोकला आणि उशी

खोकला दाबू नका. खोकला हा फुप्फुसाचा केरसुणी-सूप आहे. कफ बाहेर टाकण्यासाठीच तो येतो.

खोकताना दुखू नये म्हणून एक सोपी युक्ती आहे. एक उशी घ्या. दुखऱ्या जागेवर धरा. दोन्ही हातांनी ती छातीशी घट्ट दाबा आणि मग खोका. शिंक आली तरी तसेच करा. उशी नसेल तर चादरीची घडी चालेल. खोकून झाले की उशी बाजूला ठेवा. ती बांधून ठेवायची नाही.

मुलुंडचे एक काका कारकुनाची नोकरी करतात. सकाळच्या लोकलमध्ये चढताना त्यांची बरगडी मोडली. ते म्हणतात, "पहिले दहा दिवस मी उशी सोडलीच नाही. घरात फिरताना काखेत उशी, रिक्षात बसलो तरी उशी. शेजारची पोरं हसायची. पण रिक्षा खड्ड्यात आपटली की उशीचं मोल कळतं!"

सर्वांत वाईट वेळ कोणती, असे आम्ही त्यांना विचारले. ते म्हणाले, "रात्रीची. आडवं झालं की उठता येत नाही. बायकोला हाक मारायलासुद्धा श्वास पुरत नाही." यावरही उपाय आहे. पहिले काही दिवस पाठीला लोड किंवा दोन-तीन उशा लावून अर्धवट बसून झोपावे. उठताना एकदम सरळ उठू नये. आधी चांगल्या कुशीवर वळावे. मग पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने उठावे. दिवसा चाळीच्या गॅलरीत थोड्या थोड्या फेऱ्या माराव्यात. चालल्यानेही फुप्फुस मोकळे होते.

गोळी कशासाठी

पुष्कळांना वाटते, दुखणे सोसणे हा मर्दपणा आहे. गोळी घेणे हे नाजूकपणाचे लक्षण आहे. बरगडीच्या बाबतीत हे अगदी उलटे आहे. गोळी हाड सांधत नाही, हे खरे. पण दुखणे कमी झाले तरच पुरा श्वास घेता येतो आणि खोकता येते. म्हणून गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेवर घ्यावी. असह्य झाल्यावर घेऊ म्हणून थांबू नये.

मात्र सांगितल्यापेक्षा जास्त गोळ्या घेऊ नयेत. शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये. पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, दमा असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. जालीम गोळ्यांनी शौचास खडा होतो. मग कुंथावे लागते आणि छातीत कळ येते. म्हणून पाणी भरपूर प्यावे. पालेभाजी, फळे, भाकरी खावी. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर पाणी किती प्यावे ते डॉक्टरांना विचारावे.

पहिले दोन दिवस फडक्यात बर्फ गुंडाळून दुखऱ्या जागी दहा-पंधरा मिनिटे धरला तर सूज उतरते. पण बरगडी चोळून घेऊ नये. 'हाड बसवून देतो' म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. दाबल्याने मोडके टोक आत फुप्फुसाला लागू शकते. आणि विडी-सिगारेट ओढत असाल तर ती सोडायला याहून चांगली वेळ नाही. धुराने कफ वाढतो आणि हाड सांधायला उशीर होतो.

कामावर कधी जायचे

गरिबाच्या घरी हा प्रश्न दुखण्याहून मोठा असतो. बोरिवलीचे एक भाजीवाले दादा आम्हाला म्हणाले, "डॉक्टर म्हणाले सहा आठवडे वजन उचलू नका. मी म्हटलं, मग खाऊ काय?" दहाव्या दिवशी ते हातगाडी घेऊन निघाले. भाजीचे पोते उचलताना अशी कळ आली की खाली बसले. पुन्हा तीन आठवडे घरी बसावे लागले. पुढे त्यांनी तोड काढली. पोती उचलायला भावाला घेतले. स्वतः स्टुलावर बसून माल तोलू लागले. संध्याकाळचे चारच तास. पैसे कमी मिळाले, पण गाडी बंद पडली नाही.

यातून आपण काय घ्यावे? काम म्हणजे एकच गोष्ट नसते. बसून करायचे हलके काम काहींना दोन-तीन आठवड्यांत जमते. ओझे उचलणे, हातगाडी ढकलणे, पाण्याचे हंडे भरणे, लादी पुसणे, ही कामे हाड जुळेपर्यंत टाळावीत. साधारण सहा आठवडे धरावेत. ओझ्याचेच काम असेल तर त्याहून जास्तही लागतात. गर्दीच्या वेळी लोकलने जाऊ नये. मालकाला विचारून तासभर उशिरा जाता आले तर पाहावे.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका ताई यंत्रावर पडल्या. त्यांना वाटले, घरी बसले की पगार बुडाला. पण त्यांचा राज्य कामगार विमा होता. हा विमा १९४८ च्या कायद्याने सुरू झाला. कामावर असताना दुखापत झाली आणि काम करता येईना, तर विमेदार कामगाराला सरासरी मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते. घरी पडून आजारी झाला तर ७० टक्के मिळते. मात्र ती वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते आणि आधी ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. दोन्हीसाठी विमा डॉक्टरांचा दाखला लागतो. ताईंना हे शेजारणीने सांगितले. म्हणून तुमच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जातात का, ते आजच पगाराच्या कागदावर वाचून पाहा. वाचायला शिकल्याचा हा रोकडा फायदा आहे.

दुखणे सर्वांचेच असते

अमिताभ बच्चन यांना कोण ओळखत नाही? मार्च २०२३ मध्ये हैदराबादला चित्रपटाचे काम चालू असताना त्यांच्या बरगडीच्या कूर्चेला आणि उजव्या बाजूच्या स्नायूला इजा झाली. तेव्हा त्यांचे वय ८० होते. तिथे तपासणी करून ते मुंबईला घरी आले. हलताना आणि श्वास घेताना दुखते, बरे व्हायला काही आठवडे लागतील, असे त्यांनी स्वतःच कळवले. जुहूला त्यांच्या बंगल्याच्या फाटकाशी दर रविवारी चाहते जमत. 'आज भेटता येणार नाही, येऊ नका' असाही निरोप त्यांनी दिला. काम थांबवावे लागले.

पैसा होता, मोठे डॉक्टर होते, पण आठवडे चुकले नाहीत. बरगडीला घाई चालत नाही. म्हणून तिसऱ्या आठवड्यात दुखते आहे म्हणून घाबरू नये. 'आपलंच काहीतरी बिघडलं' असे मनात आणू नये. कालच्यापेक्षा आज श्वास थोडा मोठा जातो का, एवढेच पाहावे. कुणाला झोप लागत नाही, कुणाला लोकलच्या फलाटावर पाऊल ठेवताना धडकी भरते. हेही दुखापतीचेच अंग आहे. घरच्यांशी बोलावे. भीती फार दिवस राहिली तर डॉक्टरांनाही सांगावे.

केव्हा धावायचे

पुढील खुणा दिसल्या तर उद्यावर टाकू नये. ताबडतोब रुग्णालयात जावे.

धाप लागणे किंवा ती वाढत जाणे. ओठ निळसर होणे. ताप येणे. पिवळा, हिरवा किंवा रक्ताचा बेडका पडणे. छातीतले दुखणे एकाएकी वाढणे. पोटात किंवा खांद्यात दुखणे. लघवीतून रक्त जाणे. भोवळ येणे.

खालच्या बरगड्यांच्या आड डावीकडे प्लीहा आणि उजवीकडे यकृत असते. मागे मूत्रपिंडे असतात. त्यांना मार लागला असेल तर पोटातले, खांद्यातले दुखणे आणि लघवीतले रक्त ही खूण ठरते.

१०८ हा आकडा फिरवला की रुग्णवाहिका येते. तिला पैसे पडत नाहीत. घाटकोपरला राजावाडी आणि विलेपार्ल्याला कूपर ही महापालिकेची रुग्णालये आहेत. आपल्या घराजवळचे रुग्णालय कोणते, ते घरातल्या सर्वांना ठाऊक असावे.

घरच्यांचे काम

रोग्याच्या हातातले ओझे तुम्ही घ्या. मोरीतले शेवाळ आजच घासून काढा. तिथे हाताला धरायला एक दांडा ठोकून घ्या. पुढून बटणे असलेला सदरा किंवा झगा द्या. डोक्यावरून घालायचा कपडा नको.

आणि दर तासाला त्याच्याजवळ बसा. म्हणा, "चला, दहा श्वास घेऊ या." तो कुरकुरेल. रागावेल. तरी त्याच्याबरोबर तुम्हीही दहा श्वास घ्या. मोजायला घरातल्या लहान मुलाला सांगा. त्याचेही आकडे पक्के होतील.

सांगा पाहू

१. बरगडी मोडली तर छाती आवळून का बांधू नये?
२. खोकताना उशी कशी धरावी? करून दाखवा.
३. तीन चेंडूंच्या यंत्रात फुंकावे की ओढावे?
४. घाटकोपरच्या आजींना न्यूमोनिया का झाला? त्यांच्या सुनेला तुम्ही काय सांगाल?
५. मिनिटाला १६ श्वास घेतले तर तासाला किती होतील? दिवसाला किती?
६. तुमच्या घराजवळचे रुग्णालय कोणते? त्याचे नाव वहीत लिहा आणि १०८ हा आकडा त्याच्या पुढे लिहा.